कपडे बदलणारं घर

मंडळी, सुरुवातीला दहा मिनिटं उशीर झाला, त्याचं कारण तुम्हीच आहात. आत चार पंखे फिरतायत, तरी निम्मे लोक बाहेर पडवीत बसून होते. संयोजकांनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कुठे उठले. तुम्हाला दोष देत नाही, मीही तिथेच होतो. पत्रिकेवर ‘किनाऱ्यावरचं आधुनिक घर’ असा विषय छापलाय. माझं निम्मं बोलणं त्या पडवीबद्दलच आहे.

घर बांधायला येणारी माणसं हल्ली मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात. बहुतेक बालीचे, नाहीतर श्रीलंकेचे. पाण्याला लागून उघडी बैठक, वर उतरतं छप्पर, भिंत कुठे नाहीच. फोटो छानच असतात. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी लुनुगंगा ही स्वतःची घर-बागेची जागा जवळजवळ पन्नास वर्षं घडवली. घर कुठे संपतं आणि बाग कुठे सुरू होते ते तिथे सांगता येत नाही. शिकावं त्यांच्याकडून. पण कोलंबो ७ अंश अक्षांशावर, तिथला पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपण १७ अंशांवर. रत्नागिरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यात. म्हणजे १,००० चौरस फुटांच्या छपरावर चार महिन्यांत पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं, आणि एप्रिलमध्ये त्याच घरासमोर टँकर उभा असतो. फोटोतलं घर एका ऋतूचं आहे. आपल्याला दोन ऋतूंचं हवं.

जुन्या घरांना हे ठाऊक होतं. मृगाच्या आधी पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायची, खळ्यातला, म्हणजे पुढच्या अंगणातला मांडव उतरवायचा, लाकडं आत घ्यायची. चार महिने अंधार, धूर आणि ओल्या कपड्यांचा वास. पाऊस सरला की झापं सुटायची, खळं चोपून सारवलं जायचं, मांडव उभा राहायचा, आणि घरात राहायची जागा दुप्पट व्हायची. वर्षातून दोनदा घर कपडे बदलायचं. आजचं घर बारा महिने एकाच पोशाखात उभं असतं. म्हणून चार महिने गळतं आणि आठ महिने तापतं.

गोडवे गायला आलेलो नाही हं मी. त्या माजघरात भरदुपारी दिवा लागायचा, वाशांना वाळवी लागायची, आणि चुलीपुढे बसणारीला वारा कधी मिळालाच नाही. ते सगळं परत आणा असं कोण म्हणेल?

माझीच फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याजवळ एका निवृत्त गुरुजींचं घर केलं. तेव्हा मला वळचण बाहेर डोकावलेली खपत नसे. छप्पर भिंतीशी रेघेत संपवलं, पन्हळ आतल्या आत लपवली आणि समुद्राकडे १२ फूट काच लावली. सुतार वयस्क होते. नकाशा बघून म्हणाले, “साहेब, हंयसर पाऊस उभो येणा नाय, आडवो येता.” मी हसलो. पहिल्याच झडीला चौकटीच्या खालून पाणी आत आलं, वाऱ्याच्या दाबाने चक्क वर चढून. लपवलेल्या पन्हळीत फणसाची पानं अडकली आणि ते पाणी भिंतीत उतरलं. ऑगस्टमध्ये गेलो, तर काकींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, अख्ख्या काचेसमोर झापं बांधलेली. सुंभाने, सारख्या अंतरावर गाठी मारून. मला काही बोलल्या नाहीत. चहा दिला.

पुढच्या वर्षी काच आत घेतली, तिच्यापुढे ५ फुटांची पडवी काढली आणि पडवीच्या कडेला रुळावर सरकणाऱ्या लाकडी फळ्यांची दारं बसवली. फळ्या तिरक्या, मध्ये बोटभर फट. पाणी बाहेरच ओघळतं, वारा आत येतो. रायगड जिल्ह्यात नांदगावच्या नारळीच्या बागेत स्टुडिओ मुंबई या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने २००७ मध्ये केलेलं घर आहे; त्याच्या भिंतीच ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांच्या आहेत. त्यातलं तत्त्व काकींच्या झापांपेक्षा फार वेगळं नाही.

५ फूटच का? झड ४५ अंशांत आली, तर ८ फुटांवरची ५ फुटांची वळचण भिंतीचे वरचे ५ फूट वाचवते. खालचे ३ भिजतातच. म्हणून ते उघड्या चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठेवा. चिरा भिजतो आणि सुकतो. त्यावर प्लास्टिक रंगाचा थर दिला की ओल आत कोंडते, आणि पुढच्या गणपतीला पोपडे हातात येतात.

स्लॅबबद्दल एकच सांगतो. किनाऱ्याच्या हवेसाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण मागतं. कामावर जाऊन बघा, सळी साच्यापासून तेवढी दूर धरणाऱ्या ठोकळ्याच्या, म्हणजे कव्हर ब्लॉकच्या जागी दगडाची चीप सरकवलेली असते. मिठाची हवा सळीपर्यंत पोचली की सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला ढकलून खाली पाडतो. बाल्कनीच्या पोटाला लांबच लांब भेग दिसली, तर ती रंगाने बुजवू नका.

आता मघाशी कोणीतरी विचारलं ते. वळचण एवढी लांब काढली तर वादळात काय? बरोबर आहे, वारा तिला खालूनच उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे किती कौलं नि पत्रे उडाले ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पडवीचं छप्पर मुख्य छपराला धरून लांबवायचं नाही, वेगळं टेकवायचं. गेलंच तर ते एकटं जाईल, घर उघडं पडणार नाही. वासे भिंतीवरच्या बीमला लोखंडी पट्ट्यांनी बांधायचे. आणि जमलं तर दोन उतारांच्या दुपाखीपेक्षा चारी बाजूंना उतरणारं चौपाखी छप्पर करा, वाऱ्याला आडवी येणारी त्रिकोणी भिंत तिथे राहत नाही.

गुरुजी आता नाहीत. काकी ऐंशीच्या पुढे आहेत. त्या सुतारांचा नातू दरवर्षी येऊन रुळांना तेल घालून जातो. मे संपत आला की काकींचा फोन येतो, “वारो फिरलो रे, बंद करू काय?” मी हवामान खात्याचा अंदाज बघून सांगतो, काकी, अजून आठ दिवस आहेत. तोवर मागे फळ्या सरकल्याचा आवाज येत असतो.