ज्यांना दम लागत नाही, त्यांचं गाणं

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर पुढच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. साहजिक आहे. तानसेनाची समाधी ज्या ग्वाल्हेरात आहे, तिथे परग्रहावरच्या यंत्रमानवांच्या संगीतावर बोलायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण ऐकून तर घ्या.

‘ट्रान्सफॉर्मर्स’ नातवंडांना विचारा, ती तासभर सांगतील. जपानच्या ताकारा कंपनीची, रूप पालटणाऱ्या यंत्रमानवांची खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने १९८४ मध्ये या नावाने बाजारात आणली आणि त्यांना सायबरट्रॉन हा ग्रह बहाल केला. त्यातला साउंडवेव्ह म्हणजे खलपक्षाचा हेर. रूप पालटलं की कॅसेट प्लेअर! छातीचं झाकण उघडतं, आतून कॅसेट उडते आणि हवेतल्या हवेत तिचा काळा बिबट्या होतो, नाहीतर पक्षी. विरुद्ध बाजूला ब्लास्टर, तोही दणदणीत टेपरेकॉर्डर. पुढे २००७ च्या चित्रपटातल्या बंबलबी या यंत्रमानवाचा आवाज गेलेला असतो, म्हणून तो रेडिओवरच्या गाण्यांचे तुकडे जोडून बोलतो.

गोम इथेच आहे. लेखकांनी यांच्या हाती गाणं दिलं ते वाजवायला, गायला नाही. लाखो वर्षांची संस्कृती, आणि गाणं मात्र पृथ्वीवरून उसनं!

साउंडवेव्हचा आवाज ऐका. फ्रँक वेल्करचं बोलणं व्होकोडरमधून काढलेलं आहे. हे यंत्र बेल लॅब्जमध्ये होमर डडलीने १९३० च्या दशकात घडवलं. ते आवाजाचे उंच-खालचे पट्टे वेगळे करतं, प्रत्येकात किती जोर आहे ते मोजतं आणि तो जोर दुसऱ्याच एका कृत्रिम स्वरावर चढवतं. म्हणजे ओठ-जीभ माणसाची, स्वर यंत्राचा. शब्द कळतात, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, जागीच मेली. आपल्या कानाला तो आवाज परका वाटतो तो त्यामुळे.

आता आपल्याकडे या. ग्वाल्हेर घराण्याचे गवई हस्सू खाँसाहेब यांची आख्यायिका इथे कुणाला ठाऊक नाही? ‘कडक बिजली’ची तान घेताना बरगडी मोडली आणि त्यातच ते गेले, असं जुने लोक सांगत. खरंखोटं देव जाणे. पण ती तान आजही अंगावर येते, कारण ती घेणाऱ्याला छाती होती आणि तिला मर्यादा होती. श्वास कुठे घ्यायचा, समेवर कितीसा उरवायचा, यातूनच आपली गायकी घडली. यंत्राने तीच तान रात्रभर घेतली, तर दाद कशाची द्यायची?

तेव्हा मला विचाराल तर यंत्रजीवांच्या संगीताचा शोध घ्यायचा तो त्यांच्या मर्यादेत. त्यांना दम लागत नाही, पण ते तापतात. धातू झिजतो, इंधन संपतं. द्रुत लयीत सांधे तापणार, म्हणून मैफल आपल्या उलट चालेल: आधी द्रुत, मग विलंबित, अंग निवेपर्यंत. तापलेला धातू प्रसरण पावतो. त्यांची गात्रंच वाद्यं असतील, तर द्रुताच्या शेवटी षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, खाली घसरलेला असेल. तो कसा सावरतो, यावर तिथले जाणकार माना डोलावतील. आणि जो थंड पाण्याच्या नळ्या लावून गातो, त्याला नावं ठेवतील. घराण्यांची भांडणं तिथेही सुटणार नाहीत.