आधी दूध कोमट होऊ द्या

नमस्कार श्रोतेहो. आज इसबाबद्दल, म्हणजे कातडीच्या एक्झिमाबद्दल बोलायचंय. इसब म्हणजे नायटा नव्हे. नायटा बुरशीनं होतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. इसब लागत नाही. पुन्हा सांगते, इसब लागत नाही.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, गल्लीच्या टोकाला एक अक्का राहतात. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे इसब. पोरगं रात्रभर खाजवायचं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. अक्कांनी ठरवलं, जंतू झालेत. मग जंतुनाशक साबण, खरखरीत टॉवेलनं घासणं आणि मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी दुप्पट. त्यात शाळेचा गणवेश टेरिकॉटचा. सुताच्या चादरी विणणाऱ्या गावानं आपली पोरं मार्चच्या उन्हात टेरिकॉटमध्ये का उकडवावीत, मला कधीच पटलेलं नाही.

शेवटी मी अक्कांना घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी ट्यूब बाजूला ठेवली.

"आजी, घरी विरजण लावता?"

"रोज लावते की."

"उकळत्या दुधात?"

"छे! विरजण मरतंय. दूध कोमट लागतंय."

"नातवाची कातडी सध्या उकळतं दूध आहे. चांगलं काही टिकत नाही तिच्यावर."

अक्कांनी पोराचा हात ओढून घेतला आणि कोपराची घडी नीट निरखून पाहिली.

तर श्रोतेहो, निरोगी कातडीवर नाना तऱ्हेचे जिवाणू गुण्यागोविंदानं राहतात. इसब उसळला की मुख्यतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू माजतो. 2012 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लहान मुलांत हेच पाहिलं. उपचार झाले की बाकीचे जिवाणू परतले. स्टिरॉइडचं मलम जंतू मारत नाही, दाह शमवतं. दाह शमला, कातडी सांधली की ऑरियस आपोआप मागे हटतो. त्या मेडिकलच्या ट्यूबमध्ये मात्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्ही एकत्र होतं. पू किंवा पिवळी खपली नसताना अँटिबायोटिक लावलं तर चांगले जिवाणूही मरतात आणि उरलेले औषधाला दाद देत नाहीत. मलम डॉक्टर सांगतील तेवढंच, तेवढेच दिवस.

अंघोळ कोमट पाण्यानं, साबण सौम्य. अंग घासायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर चोपडायचं. घासायचं नाही, टिपायचं.

परवा अक्कांनी दोरीवर वाळत घातलेली चादर मला हाक मारून दाखवली. एक ठिपका नव्हता. नमस्कार.