काळी पडणारी कूर्चा : अल्काप्टोन्यूरिया आणि सांधेदुखी

नमस्कार मंडळी. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया चालू आहे, रुग्ण पन्नाशीतला आहे. सर्जन सांधा उघडतात आणि आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण, जी पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत असायला हवी, ती काळी ठिक्कर निघते. अल्काप्टोन्यूरियाचं निदान आजही कित्येकदा असं थेट टेबलावर होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या आजाराची खूण बाळ दोन-तीन दिवसांचं असतानाच त्याच्या दुपट्यावर उमटलेली असते.

आपण डाळी, दूध, मासे, मटण खातो. त्यातल्या प्रथिनांतून टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. शरीर त्याची टप्प्याटप्प्यानं विल्हेवाट लावतं. त्यातल्या एका टप्प्याचं एन्झाइम या लोकांत जन्मतःच काम करत नाही, आणि होमोजेंटिसिक आम्ल तिथंच तुंबतं. बरंचसं लघवीतून बाहेर जातं, पण उरलेलं वर्षानुवर्षं कूर्चेत, कंडरांत (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांत), हृदयाच्या झडपांत मुरत राहतं आणि त्याचं काळं रंगद्रव्य होतं. अशी कूर्चा कडक आणि ठिसूळ होते, तिचे कपचे उडतात. सांधेदुखी सुरू होते ती यातून.

लघवी केल्या केल्या नेहमीसारखीच दिसते. बाटलीत उघडी ठेवली की हवा लागते तिथून, म्हणजे वरच्या थरापासून, ती तपकिरी होत जाते आणि काही तासांनी काळी दिसते. साबणासारख्या अल्कलीनं हा बदल झपाट्यानं होतो. म्हणून दुपट्यावरचा डाग साबण लावल्यावर निघायच्या ऐवजी आणखी गडद होतो. घरातल्या आज्यांच्या हे लक्षात यायचं. आता डायपर गुंडाळून फेकला जातो, मोठ्यांच्या लघवीवर फ्लशचं पाणी पडतं, आणि खूण दिसायची राहून जाते.

या आजाराचं वैद्यकाच्या इतिहासात मोठं स्थान आहे. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांच्याकडे अशा मुलांचं एक कुटुंब होतं. त्या घरात १९०१ मध्ये नवं बाळ जन्मणार होतं, तेव्हा त्यांनी त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी डाग पडले. म्हणजे हा संसर्ग नव्हे, जन्मजात गोष्ट आहे. अशा मुलांचे आईवडील बऱ्याचदा सख्खी चुलत-मावस-आते-मामे भावंडं असतात, हेही त्यांनी टिपलं, आणि १९०२ मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसाच्या आजाराला पहिल्यांदा लावून दाखवले. हे ऐकताना सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या मंडळींनी कान टवकारावेत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अजून होतं. आई आणि वडील दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघंही वाहक स्वतः ठणठणीत असतात.

जगात साधारण अडीच लाख ते दहा लाख लोकांत एक रुग्ण असं प्रमाण सांगतात. स्लोव्हाकियात ते खूपच जास्त आहे. आपल्या देशात तमिळनाडूतल्या नरिकुरवर समाजात हा आजार ठळकपणे आढळला आहे.

आता दवाखान्यात काय होतं ते पाहू. तिशीतला माणूस पाठ धरते म्हणून येतो. सकाळी कंबर आखडते, वाकता येत नाही. चटकन मनात येतं ते अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांना सूज येऊन पाठ आखडवणारा संधिवात. त्या आजारासाठी केली जाणारी एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी निगेटिव्ह येते, तरी कधी कधी तेच लेबल चिकटतं, आणि महागडी इंजेक्शनं सुरू होतात, ज्यांचा इथं काही उपयोग नाही. एक्स-रे नीट पाहा. कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या एकापाठोपाठ एक चपट्या झालेल्या आणि त्यांत कॅल्शियम साचलेलं दिसलं, पण माकडहाडाच्या बाजूचे सांधे बरेचसे शाबूत असले, तर थांबा आणि रुग्णाच्या डोळ्यांत बघा. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या भागात तपकिरी-काळे ठिपके आहेत का? कानाची पाळी नव्हे, वरची कूर्चा निळसर-राखाडी आणि जाड झाली आहे का? मग विचारा, ‘लघवी ठेवून दिली की काळी पडते का हो?’ या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. मात्र आम्लधर्मी लघवी काळी पडायला फार वेळ घेते, म्हणून बाटलीतला रंग बदलला नाही तरी शंका सोडू नका. शिक्कामोर्तब होतं ते लघवीतल्या होमोजेंटिसिक आम्लाच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापानं.

पुढे गुडघे, खुबे, खांदे धरतात. टाचेमागची कंडरा साध्या झटक्यानंही तुटू शकते. मुतखडे होतात. चाळिशीनंतर हृदयाच्या महाधमनीची झडप कडक होऊ लागते, म्हणून अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवा. सांधे तपासून रुग्णाला घरी पाठवणं पुरेसं नाही.

उपचारांबद्दल स्पष्ट बोलतो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या, त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. नुसती प्रथिनं कमी करून आजार आटोक्यात येत नाही. खरा फरक पडला तो निटिसिनोननं. हे औषध तुंबण्याच्या आधीचाच टप्पा रोखतं, त्यामुळे ते आम्ल तयारच होत नाही. लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानी इथं १३८ रुग्णांवर ४ वर्षं चाचणी झाली. रोज १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या लघवीतलं हे आम्ल ९९ टक्क्यांहून अधिक घटलं आणि आजाराची वाटचाल मंदावली. २०२० मध्ये युरोपनं प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. पण या औषधानं रक्तातलं टायरोसिन चढतं. डोळे चुरचुरले, पाणी आलं, उजेड सहन होईना, तर लगेच नेत्रतज्ज्ञ गाठायचा. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं प्रथिनं मोजून खायची, ती याच औषधासाठी. गेलेली कूर्चा औषधानं परत येत नाही. म्हणून निदान लवकर व्हावं यासाठी माझा इतका आटापिटा आहे.

बाकी व्यायाम हवाच, पण उड्या आणि जड वजनं नकोत, पोहणं उत्तम. सांधा पुरता झिजला तर तो बदलण्याची शस्त्रक्रिया या रुग्णांत चांगली यशस्वी होते, आणि त्यासाठी घाबरून वर्षं काढण्यात अर्थ नाही.

आणि एका घरात एक रुग्ण सापडला, तर त्याच्या सगळ्या भावंडांची लघवी त्याच आठवड्यात तपासून घ्या, दुखत असो वा नसो.