साखरेतला ऑक्सिजन फेकून द्यायचा का?

नमस्कार मंडळी, मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? बरं. सुरुवात एका शब्दापासून करतो, कारण या शब्दामुळे केमिकल उद्योगाला तेलावरून कसं हटवायचं या विषयावरची जवळजवळ प्रत्येक चर्चा चुकीच्या जागी सुरू होते असं मला वाटतं. डीकार्बनायझेशन, म्हणजे कार्बन काढून टाकणं. विजेच्या बाबतीत शब्द अगदी बरोबर आहे, कोळसा जाळणं बंद करा, सोलर लावा, पवनचक्की लावा, दिव्याला काय कळतंय वीज कुठून आली ते. पण तुमच्या हातात ती पाण्याची बाटली आहे ना, तिच्यातून कार्बन काढायचा म्हटलं तर काय उरेल? पीईटीच्या, म्हणजे बाटलीच्या प्लॅस्टिकच्या, वजनात ६२ टक्क्यांच्या वर कार्बन आहे, आणि पॉलिथीनची पिशवी घेतली तर जवळपास ८६ टक्के. कार्बन काढला की बाटलीच गेली, थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवेत. रंग, औषधं, साबण, गोंद, सगळ्याचं हेच. या उद्योगाला कार्बन लागणारच, प्रश्न फक्त तो जमिनीखालून उपसायचा की आत्ता जमिनीवर जो फिरतोय त्यातून घ्यायचा एवढाच आहे.

जगात जेवढं तेल वापरलं जातं त्यातलं साधारण १२ ते १४ टक्के पेट्रोकेमिकलकडे जातं. आणि केमिकल उद्योग जी तेल-गॅसची ऊर्जा घेतो त्यातली जवळपास निम्मी जाळलीच जात नाही, ती कच्चा माल म्हणून मालात जाऊन बसते. जळणारा कार्बन आणि मालात बसणारा कार्बन, हे दोन हिशोब वेगळे ठेवा, कृपा करून, कारण लोक ते सारखे मिसळतात. २०२४ मध्ये जर्मनीत लुडविगशाफेनला विजेवर चालणाऱ्या क्रॅकर भट्ट्यांचा, म्हणजे तेलाचे मोठे रेणू तापवून तोडणाऱ्या भट्ट्यांचा, प्रयोग सुरू झाला, ८५० डिग्रीपर्यंत तापमान आणि तेही विजेवर, ही मोठी गोष्ट आहे आणि मला मनापासून आनंद झाला. पण त्या भट्टीच्या नळीच्या आत काय वाहतंय? बाहेरची आग बदलली तरी आत नाफ्था, म्हणजे क्रूड तेलातून निघणारा हलका भाग, आहे तोवर त्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकमधला कार्बन जमिनीखालचाच, आणि ते प्लॅस्टिक कधीतरी जळलं की एका टन पॉलिथीनमागे तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत.

आता काही जण म्हणतात की तेलाशिवाय केमिस्ट्री होणारच नाही. अहो, आधी झाली होती की! मिथेनॉलला अजूनही जुने लोक वुड स्पिरिट म्हणतात, कारण ते लाकूड बंद भांड्यात तापवून काढायचे, असिटिक ॲसिडही तसंच. मग १८५६ मध्ये १८ वर्षांच्या विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला आणि सगळी गाडी कोळशाकडे वळली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवं होतं तेव्हा केमिस्ट खाईम वाइझमन यांनी ते मक्याच्या स्टार्चवर बॅक्टेरिया वाढवून काढलं, १९१७ मध्ये धान्याची टंचाई झाली तर शाळेतल्या मुलांना हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेल इतकं स्वस्त झालं की ही सगळी कारखानदारी मागे पडली. म्हणजे तेल आलं ते स्वस्ताईमुळे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि इथे थोडं गणित करणार आहे, शाळेतलंच आहे, सोबत रहा.

क्रूड तेलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. कार्बन आणि हायड्रोजन. त्यामुळे विसाव्या शतकातल्या केमिस्ट लोकांचं अर्धं आयुष्य त्या रेणूंना ऑक्सिजन जोडण्यात गेलं, इथिलीनचं इथिलीन ऑक्साइड करा, झायलीनचं टेरेफ्थॅलिक ॲसिड करा, प्रोपिलीनचं ॲक्रिलिक ॲसिड करा, आणि दरवेळी थोडा माल वाटेतच जळून वाया जातो. साखरेचं बरोब्बर उलटं आहे. ग्लुकोजच्या वजनात निम्म्याहून जास्त, ५३ टक्के, ऑक्सिजनच आहे. झाडाने तो आधीच जोडून दिलाय.

आणि आपण काय करतो? झाडाकडे जातो आणि म्हणतो, आम्हाला तेलासारखाच रेणू दे. साखर घेतली, आंबवली, अल्कोहोल झालं. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल, बाकीचे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेले, म्हणजे सहापैकी दोन कार्बन पहिल्याच पायरीला गेले. मग त्या अल्कोहोलमधून पाणी काढलं की इथिलीन, म्हणजे पॉलिथीनचा कच्चा माल, ते उरतं ५६ ग्रॅम. १८० चे ५६! एका टन पॉलिथीनसाठी कागदावरसुद्धा ३.२ टन साखर लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्त. आता तीच १८० ग्रॅम साखर लॅक्टिक ॲसिडच्या बॅक्टेरियाला दिली तर कागदावर १८० ग्रॅम लॅक्टिक ॲसिड मिळतं, एकही अणू बाहेर जात नाही, आणि त्याची पॉलिमरची साखळी करताना पाणी गेलं की १४४ ग्रॅम पीएलए नावाचं प्लॅस्टिक. एकीकडे ५६, दुसरीकडे १४४. साखर तीच, टाकीही साधारण तशीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की झाडातला कार्बन तिथे वापरा जिथे त्याच्यासोबत आलेला ऑक्सिजन मालातसुद्धा हवा आहे.

ब्राझीलमध्ये त्रिउन्फोला २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथीन करतात, सुरुवातीलाच वर्षाला २ लाख टनांची क्षमता होती. मी त्यांना नावं ठेवत नाहीये. त्यांचं पॉलिथीन तेलाच्या पॉलिथीनसारखं तंतोतंत, कुठलंही मशीन बदलावं लागत नाही, गिऱ्हाइकाला काही शिकवावं लागत नाही, आणि कोणीतरी मोठ्या प्रमाणावर करून दाखवणं गरजेचं होतं. पण सगळं जग याच वाटेने न्यायचं म्हटलं तर साखर पुरणार नाही, हे त्या ५६ आणि १८० मध्येच लिहिलेलं आहे.

उलट जिथे रेणूच्या ठेवणीला धरून काम केलं तिथे किती सहज जमलंय बघा. एरंडेल तेलातलं रिसिनोलिक ॲसिड, १८ कार्बनची साखळी, ते तापवलं की एका ठराविक ठिकाणी तुटतं आणि ११ कार्बनचा एक तुकडा मिळतो, त्यातून नायलॉन ११ करतात, १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये हे सुरू झालं आणि आजही चालू आहे, गाड्यांच्या इंधनाच्या नळ्या त्याच्या असतात. तेलापासून तो ११ कार्बनचा तुकडा करायचा म्हटलं तर घाम फुटेल. फुरफुराल नावाचं रसायन घ्या, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओटच्या टरफलांपासून करायला लागले, आजही जगभर ते शेतीच्या कचऱ्यापासूनच येतं. सायट्रिक ॲसिड १९१९ पासून बुरशी बनवते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत मक्याच्या साखरेपासून प्रोपेनडायॉलचा कारखाना सुरू झाला. यातल्या एकाही रेणूतून सगळा ऑक्सिजन हुसकून लावावा लागत नाही, हे लक्षात घ्या.

बरं, मग सगळीकडे हे का नाही? मी कित्येक वर्षं आंबवणीच्या टाकीच्या पुढचं काम केलंय, म्हणजे टाकीतून माल वेगळा काढायचं, त्यामुळे सांगतो. पेपरात बातमी येते ती बॅक्टेरियाची. जीन बदलले, उत्पादन वाढलं, फोटो. आणि आमच्यापुढे काय येतं, तर पाणी. शंभर लिटरमध्ये दहा किलो माल असला तरी तो दिवस चांगला, बाकी पाणी, क्षार, मेलेल्या पेशी, उरलेली साखर, आणि एक वास जो कपड्यातून जात नाही. लॅक्टिक ॲसिड तयार होताना टाकी आंबट होते, बॅक्टेरिया मरायला लागतात, म्हणून चुना घालायचा, मग ॲसिड परत मोकळं करायला सल्फ्युरिक घालायचं, आणि शेवटी जुन्या पद्धतीत एक टन लॅक्टिक ॲसिडमागे साधारण एक टन जिप्सम घेऊन बसायचं. हे पाणी उडवण्याचं, जिप्सम टाळण्याचं, कमी पीएचला, म्हणजे आंबटपणात, टिकणारी यीस्ट शोधण्याचं काम ज्या टीम करतात ना, त्यांच्यावर हा सगळा बदल उभा आहे आणि त्यांच्याकडे कोणी बघतही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॅनडात सार्नियाला २०१५ मध्ये साखरेपासून सक्सिनिक ॲसिडचा मोठा कारखाना उघडला, यीस्ट चांगली होती, पण २०१४ पासून तेल कोसळलं होतं, बाजार अपेक्षेइतका वाढला नाही, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. केमिस्ट्री चुकली म्हणून नाही गेली.

जमिनीवरच्या कार्बनचा दुसरा स्रोत म्हणजे कार्बन डायऑक्साइड स्वतःच. एक टन मिथेनॉलला पावणेदोन क्विंटलपेक्षा थोडा जास्त, म्हणजे १८८ किलो हायड्रोजन लागतो आणि १.३८ टन कार्बन डायऑक्साइड. हायड्रोजन पाण्यातून विजेने काढायचा तर किलोला ५० युनिटच्या पुढेच, म्हणजे एका टन मिथेनॉलला जवळपास १०,००० युनिट वीज. आइसलँडमध्ये २०१२ पासून हे करून दाखवलं, भूगर्भातल्या वाफेची वीज आणि त्याच वाफेसोबत येणारा वायू, वर्षाला ४,००० टन. मग २०२२ मध्ये चीनमधल्या आनयांगला १,१०,००० टनांचा प्लांट. चालतं, शंका नाही. पण मिथेनॉलमधून इथिलीन करायचं तर टनाला २.३ टन मिथेनॉल, आणि जगाचं वर्षाचं इथिलीन १५ कोटी टनांच्या वर, गुणाकार करा, आज जगात तयार होणाऱ्या एकूण विजेच्या दहाव्या भागाहून जास्त वीज फक्त एका रेणूला. म्हणून माझं मत आहे की या वाटेची गरज पडणार आहेच, पण तिची किंमत कळल्यावर हातात असलेला कार्बन जपून वापरावासा वाटतो.

आणि हातात असलेला कार्बन म्हणजे आधी बनवून झालेलं प्लॅस्टिक. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिकचा कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला होता. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज पुढे जातो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, मोजणीची. झाडातल्या कार्बनमध्ये थोडा कार्बन-१४ असतो, त्याचं अर्धआयुष्य ५,७३० वर्षं, तेल लाखो-कोटी वर्षं जुनं त्यामुळे त्यात तो शून्य. म्हणून कुठलाही माल लॅबमध्ये देऊन त्यातला किती कार्बन झाडाचा ते मोजता येतं. २००९ मध्ये एका पेयाच्या बाटल्या आल्या, ३० टक्के वनस्पतीपासून. खोटं नव्हतं, पीईटी ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड जोडून बनतं, त्यातला झाडापासून आलेला ग्लायकॉलचा भाग वजनाने साधारण तेवढाच. पण दहा कार्बनमागे ग्लायकॉलचे दोनच, म्हणजे कार्बनच्या हिशोबात २० टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कोणता आकडा हे लेबलवर लिहिलं पाहिजे. मास बॅलन्सचंही तसंच, क्रॅकरमध्ये थोडा जैविक नाफ्था मिसळायचा आणि कागदावर तो एका मालाच्या नावावर टाकायचा, जुनी भट्टी चालू ठेवून बदल सुरू करायला हे उपयोगी आहे हे मला मान्य, पण त्या मालात कार्बन-१४ सापडेलच असं नाही आणि घेणाऱ्याला ते आधी सांगितलं गेलं पाहिजे.

आता प्रश्न घेऊ. हं, तुम्ही विचारताय की जमीन अन्नासाठी हवी, प्लॅस्टिकसाठी कशी देणार. प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. पण बघा, आज जगात मका आणि ऊस आंबवून जे अल्कोहोल होतं त्यातलं बहुतेक सगळं गाड्यांच्या इंजिनात जळतं. गाडीला बॅटरीचा पर्याय आहे. ॲक्रिलिक ॲसिडला बॅटरी नाही. गाड्या जसजशा विजेवर जातील तसतशी तीच शेतं, त्याच टाक्या, तीच माणसं मोकळी होतात, नवीन जमीन फोडायच्या आधी तिकडे बघू या.

शेवटचा प्रश्न, लिग्निनचा, त्या कोपऱ्यातून. छान विचारलंत. लाकडाचा साधारण पाव भाग लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारा पदार्थ, आणि झाडात बेंझीनसारख्या सहा कार्बनच्या गोल कड्या एवढ्या प्रमाणात फक्त तिथेच मिळतात, बाकी सगळी साखरच. टेरेफ्थॅलिक ॲसिड, स्टायरीन, फिनॉल, यांना कड्या लागतात. आणि आपण ते जाळतो, कागदाच्या कारखान्यात काळा लिकर, म्हणजे लिग्निन विरघळलेला उरलेला द्रव, बॉयलरमध्ये जातो, कारण त्याच बॉयलरमधून पल्प, म्हणजे कागदाचा लगदा, शिजवायची रसायनंही परत मिळतात आणि कारखान्याची वाफही निघते. लिग्निन बाहेर काढायचं तर त्या बॉयलरला दुसरी उष्णता द्यावी लागेल, हा खरा अडसर आहे, आणि दुसरा म्हणजे पल्प शिजवताना लिग्निन पुन्हा स्वतःशीच जोडलं जाऊन इतकं घट्ट होतं की नंतर ते तुटत नाही. म्हणून आता लाकूड आधी लिग्निनच्या दृष्टीने उघडायचे प्रयोग चाललेत, साखर नंतर. नॉर्वेत सार्प्सबोर्गला स्प्रूस झाडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा रेणू, आजही करतात, तीच कडी, तोच ऑक्सिजन जागच्या जागी ठेवून.