मुंज २०२९ साली, लग्न १९४४ साली

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बृहत् छायाचित्रसूचीचे नूतन प्रणालीत स्थलांतर’. एवढं संस्कृत मला येत नाही, ते कार्यवाहांचं. मला एकच गोष्ट सांगायचीय. फोटोची माहिती फोटोच्याच फाइलमध्ये असली पाहिजे. कॅटलॉगचं सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नाही.

पिकासा, ते फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर, आठवतंय ना? सगळ्यांनी वापरलंय, माना डोलवू नका नुसत्या. गूगलनं ते २०१६ साली बंद केलं. त्यात जेपेगला जी कॅप्शन दिली होती, ती फाइलमध्येच लिहिली जायची, ती वाचली. पण चेहऱ्यांना दिलेली नावं मुळात पिकासाच्या स्वतःच्या फायलींत होती. म्हणजे ‘माथेरान, मे महिना’ राहिलं आणि आत्या निनावी झाली. ॲपलच्या ॲपर्चर या तसल्याच सॉफ्टवेअरचं काम २०१४मध्ये थांबलं, ते वापरणारे तर पैसे मोजून बसले होते. असो.

आता आमची गोष्ट. एक जुनी संस्था आहे, नाव सांगत नाही, त्यांचे दोघे-तिघे इथे दिसतायत. (हशा) गावातल्या घराघरांतून जमवलेले फोटो, चांगले स्कॅन केलेले, आणि सगळी सूची मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसमध्ये. तारखेचा रकाना ‘डेट’ प्रकारचा. त्यात नुसतं साल बसत नाही, दिवस आणि महिना लागतोच. जुन्या फोटोमागे लिहिलेलं असतं फक्त ‘सन ४४’. मग नोंदणाऱ्यांनी काय केलं? एक जानेवारी! गावातली झाडून सगळी लग्नं एक जानेवारीला. पितृपक्ष नको, चातुर्मास नको, गुरुजींचा प्रश्नच मिटला.

पुढचं ऐका. साल दोन आकडी टाकलं होतं. त्या काळच्या विंडोजचा नियम असा, की ३० ते ९९ आलं तर एकोणीसशे आणि ०० ते २९ आलं तर दोन हजार. त्यामुळे एका आजोबांचं लग्न १९४४ साली आणि मुंज २०२९ साली! (हशा) हसताय, पण काळाच्या क्रमानं फोटो लावले की गावातली सगळी जुनी मंडळी नातवंडांच्या मागे जाऊन उभी राहतात. मूळ कागद कुणी जपले असतील तर खरं साल कळतं. इथं ते कागद ‘सगळं कॉम्प्युटरवर आलंय आता’ म्हणून रद्दीत गेले होते. यावर मी तासभर बोलू शकतो.

दुसरं दुखणं फॉन्टचं. फोटोंच्या माहितीच्या ओळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आत साठवलेली अक्षरं रोमन, वर मराठी रूपाचा मुखवटा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नाही, की नुसता गिचमिडा. बरं, प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. रूपांतर केलं, तरी पहिली वेलांटी दगा देते. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. क्रम न बदलता नुसती अक्षरं बदललीत, तर सचिव होतात ‘सिचव’ आणि समितीची ‘सिमती’. रफाराची रड उलटी. तो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय आत्ता सुरू होतोय!

बरं, भरभर सांगतो, लिहून घ्या. आधी डेटाबेसची प्रत काढा आणि काम प्रतीवरच करा. सूची सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढा, आणि ती यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात. जुन्या फॉन्टचा रकाना पुसू नका, रूपांतर शेजारच्या रकान्यात करा. चूक सापडली की तिथूनच दुरुस्त करता येते. तारखेचा रकाना मजकूर म्हणून ठेवा. साल माहीत असेल तर सालच लिहा, एक्सएमपीत, म्हणजे फोटोसोबत माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, नुसतं १९४४ चालतं.

मग एक्झिफटूल, सीएसव्हीतली माहिती फोटोच्या फायलींत लिहिणारं. फिल हार्वे यांचं, फुकट आहे. सीएसव्हीत फाइलच्या पत्त्याच्या रकान्याला ‘सोर्सफाइल’ (SourceFile) हेच नाव द्यावं लागतं, आणि पत्ते आजचे हवेत. आमच्याकडे निम्मे पत्ते केव्हाच मोडीत गेलेल्या डी ड्राइव्हचे होते. एक्झिफटूल मूळ फाइल ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून शेजारी ठेवतं, तेव्हा डिस्कवर दुप्पट जागा मोकळी ठेवा. माहिती फायलींत उतरली की त्या डिजिकॅम या फोटोंच्या सॉफ्टवेअरला दाखवा, ते वाचून घेतं.

अडोबीचं लाइटरूम वापरून फोटो लावणारे हात वर करा. तुमची कॅटलॉगची एलआरकॅट फाइल म्हणजे एसक्यूलाइटचा डेटाबेस. एक्सएमपीत आपोआप लिहिण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. सुरू करा, किंवा सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस. कलेक्शन, म्हणजे तुम्ही केलेले फोटोंचे गट, आणि व्हर्च्युअल कॉपी, म्हणजे वेगळी फाइल नसलेल्या प्रती, तरीही कॅटलॉगमध्येच राहतात. कलेक्शनची नावं आधी कीवर्ड म्हणून देऊन ठेवा.

आणि तपासणी पहिली वेलांटी आणि रफार असलेल्या शब्दांपासून करा, रूपांतरात तेच मार खातात. हो हो, थांबतो. रफाराचं चहाच्या वेळी विचारा.