वजनकाट्याला न दिसणारं

मंडळी, सकाळी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणारे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, दोन महिने चालतोय, वजन अर्धा किलोसुद्धा हललं नाही. मग उपयोग काय?" असं म्हणून चालणं सोडलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण काट्यावर जे दिसत नाही, ते रक्तात पहिल्याच दिवशी घडलेलं असतं.

इन्सुलिनचंच बघा. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि इन्सुलिन स्नायूंच्या पेशींची दारं साखरेसाठी उघडतं. टाइप-२ मधुमेहात ही दारं इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावू लागला की पेशीच्या आत दडलेली 'ग्लूट-४' नावाची प्रथिनं आपणहून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. त्यासाठी इन्सुलिनच्या हाकेची गरज लागत नाही. मधुमेह झालेल्यांमध्येही ही वाट शाबूत असते. माझ्या पेशंटना सांगण्यासारखी याहून आशेची गोष्ट माझ्याकडे नाही.

माझ्या आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. आखाजीला ती पुरणपोळी जेवली आणि आडवी झाली. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा आला २४८. पुढच्या रविवारी तेवढंच जेवण दिलं, पण जेवणानंतर तिला सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं फिरवलं. आकडा आला १९६. एका माणसाच्या दोन आकड्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, पण आईला तेवढं पटायला पुरलं. व्यायामाचा हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चालताना फार खाली जाऊ शकते, म्हणून त्यांनी ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा. आई ती कमरेच्या बटव्यात ठेवते.

जोरात धावलात तर अॅड्रिनलिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर सोडतं, आणि थोडा वेळ आकडा उलट वाढलेला दिसू शकतो. घाबरू नका. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढतं आणि विश्रांती घेतली की उतरतं.

विश्रांती आणि जेवण, दोन्ही कमी पडलं तर मात्र चित्र पालटतं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली आज धावतात याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच पुढचं बोलताना राग येतो. एक सतरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली ती नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला म्हणून. सात महिने पाळी नव्हती. तिच्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं, "पाळी थांबली म्हणजे सराव चांगला चाललाय, वजन बघ किती उतरलं." हे साफ चूक आहे. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस बीजांडकोशांना जाणारा निरोप आवरता घेतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, पाळी थांबते, आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची स्वतंत्र नोंद घेतली, मुलग्यांनाही ती होते हेही सांगितलं. इथेही फसवलं ते वजनकाट्यानेच.

पाळी थांबण्याची इतर कारणं तपासून बाजूला सारली. मग सराव निम्म्यावर आणला. धावून आल्या आल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन अंडी. झोप आठ तास. वजन अडीच किलोने वाढलं तेव्हा ती रडली, पण थांबली नाही. पाचव्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. पाड्यावर रेंज तुटक असते, एवढंच नीट ऐकू आलं: "डॉक्टर, आली."