वहीतलं बेसबॉल

मंडळी, वहीपासून सुरुवात करतो. सांगलीला आमचे वडील कसोटीच्या दिवशी रेडिओजवळ पाट मांडून बसत. बाळ ज. पंडितांचं समालोचन चालू असायचं आणि वडील शाळेच्या जुन्या वहीत प्रत्येक चेंडू टिपत. टिंब, टिंब, एक, चौकार. १९७५ च्या ऑगस्टमध्ये मी शिकायला बॉस्टनला गेलो. ऑक्टोबरच्या एका रात्री घरमालकांनी टीव्ही बघायला खाली बोलावलं. जाऊन बघतो तर त्यांच्या घरातल्या आजोबांच्या मांडीवर वही! सातासमुद्रापार कुणीतरी वडिलांसारखंच मान खाली घालून लिहीत होतं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

त्यांनी आधी आकडे शिकवले. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे झेलणारा २, पहिल्या बेसवरचा (बेस म्हणजे बॅटरनं धावत गाठायचा टप्पा) ३, दुसऱ्याचा ४, तिसऱ्याचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला, तिथून तो पहिल्याकडे गेला, दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. बॅटर बॅट फिरवून तिसऱ्यांदा चुकला तर 'के'. नुसता बघत उभा राहिला तर तोच 'के' उलटा काढायचा. कुणाच्या हातून चेंडू सुटला तर 'ई', आणि पुढे त्याचा आकडा.

ती रात्र होती बॉस्टन रेड सॉक्स आणि सिनसिनाटी रेड्स यांच्यातल्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्याची. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये, म्हणजे डावात, रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कनं डावीकडे उंच चेंडू मारला आणि पळायचं सोडून दोन्ही हातांनी तो आत ढकलू लागला. चेंडू फाउल पोलवर, म्हणजे हद्दीच्या खांबावर आदळला. होम रन! आजोबा रडत होते. पुढच्या सामन्यात रेड सॉक्स हरले आणि आजोबांनी वही मिटून सांगितलं, आता फेब्रुवारीत.

फेब्रुवारीत म्हणजे काय, ते मला तिथल्या हिवाळ्यानं शिकवलं. अंगणात गुडघाभर बर्फ असतो, संध्याकाळी लवकर अंधारायला लागतं, आणि बातमी येते की रेड सॉक्सच्या मैदानातून, फेनवे पार्कमधून, बॅटी-चेंडूंनी भरलेला ट्रक फ्लोरिडाला निघाला. मग पिचर आणि कॅचर सरावाला पोहोचतात. बर्फ तसाच असतो, पण आमच्या लेखी वसंत लागलेला असतो.

एप्रिलमध्ये फेनवेवर बसायला ब्लँकेट लागतं. हे मैदान १९१२ चं, गल्ल्यांच्या बेचक्यात कोंबलेलं. डावीकडे ३७ फुटांची हिरवी भिंत. माझं या जागेवर प्रेम आहे, म्हणूनच हेही सांगायला हवं. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि काळ्या खेळाडूंना बंद असलेलं दार उघडलं. त्याच रॉबिन्सनची चाचणी रेड सॉक्सनी १९४५ मध्ये याच फेनवेवर घेतली होती आणि त्याला परत पाठवलं होतं. पुढे एकेक संघ बदलत गेला. सोळा संघांत शेवटचा संघ आमचा. आमचा पहिला काळा खेळाडू पम्प्सी ग्रीन आला तेव्हा १९५९ साल उजाडलं होतं. दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू रॉबिन्सनचा ४२ नंबर घालतात, त्या दिवशी मला हे आठवतं, आणि आठवायलाच हवं.

खरं बेसबॉल उन्हाळ्यातलं. मोसमात १६२ सामने, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज. शंभर जिंकणारा संघ मोसम गाजवतो, म्हणजे त्यानंही ६२ वेळा हार खाल्लेली असते. दहातल्या सात वेळा बाद होणारा बॅटर उत्तम समजला जातो. असा खेळ रोज बघताना हरणं अंगवळणी पडतं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा रेडिओ लावावासा वाटतो. जो कॅस्टिग्लिओनी १९८३ ते २०२४ रेड सॉक्सचे सामने रेडिओवर सांगत होते. स्वयंपाकघरात भाकरीच्या थापण्याचा आवाज, ओट्यावर त्यांचा आवाज, टेबलावर माझी वही. आमच्या घरातला उन्हाळा तो.

आणि मग २५ ऑक्टोबर १९८६. न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. मालिकेत आम्ही ३-२ पुढे. दहाव्या इनिंगमध्ये ५-३ अशी आघाडी, मेट्सचे दोघे बाद, बेसवर कुणी नाही. एक बाद हवा होता, फक्त एक. त्यानंतर मेट्सचे तीन फटके लागले. शेवटी मूकी विल्सनचा साधा घरंगळता चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला. मी 'ई-३' लिहिलं, पेन्सिलचं टोक मोडलं, आणि ती वही माळ्यावर गेली.

सातवा सामनाही हरलो. पण सगळ्या गावाला आठवत राहिला तो बकनर. ज्यानं २७०० हून जास्त हिट्स मारल्या, १९८० मध्ये फलंदाजीच्या सरासरीत जो लीगमध्ये पहिला आला, छत्तिसाव्या वर्षी दुखऱ्या घोट्यांनिशी जो मैदानात उभा राहिला, त्याला लोकांनी एका चेंडूवर तोललं. मीही तोललं.

२००४ मध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजआधीच्या मालिकेत ०-३ मागे पडूनही आम्ही चार सामने सलग जिंकलो, आणि २७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये चंद्रग्रहणाच्या रात्री, ८६ वर्षांनी, वर्ल्ड सिरीज. शेवटचा बाद १-३. पिचरनं चेंडू अडवून पहिल्या बेसवर दिला. आजोबा तेव्हा नव्हते. मी त्या पानाची नक्कल त्यांच्या थडग्यावर ठेवून आलो. त्या आठवड्यात तिथल्या दफनभूमींत टोप्या आणि वर्तमानपत्रं घेऊन आलेला मी एकटा नव्हतो.

८ एप्रिल २००८ ला बकनर फेनवेवरच्या मोसमातल्या पहिल्या सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायला आला. डावीकडच्या भिंतीजवळून सावकाश चालत. सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात. त्यानं डोळे पुसले. मी पेन्सिल खाली ठेवून टाळ्या वाजवत होतो.

घरी आल्यावर शिडी लावली आणि १९८६ ची वही काढली. 'ई-३' सापडलं, पण त्याच्या आधी माझ्याच अक्षरात 'डब्ल्यूपी' लिहिलेलं होतं. वाइल्ड पिच. पिचरचा चेंडू कॅचरला चुकवून गेला होता आणि त्यावर ५-५ बरोबरी झाली होती. बकनरकडे चेंडू यायच्या आधीच आघाडी गेली होती. मी ते त्याच रात्री लिहून ठेवलं होतं आणि बावीस वर्षं उघडून वाचलं नव्हतं.